धाब्यावर चढलेलं गाव

"साहेब, तुम्ही नाचले काऊन?"

नाचलात का? माझ्या साऱ्या कारकिर्दीत मला विचारला गेलेला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. विचारणारे होते सोनाजी पाटील, जागा होती चावडीपुढचा पार आणि पाटलांच्या मागे अख्खं गाव उभं होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. देऊळघाटाच्या पुढं, पैनगंगेच्या काठाकाठानं गेलं की लागतं, एवढं पुरे. तिथली माणसं दिवाळी अंक वाचतात आणि वाचून झाला की भांडायला बुलढाण्याला येतात.

संपादकांनी विचारलंय की घरांचे नकाशे काढणारा माणूस फुटकी खापरं जमवून म्युझियम काढण्याच्या नादी लागला कसा. अहो, लागलो कसला! छपरावर चढलो आणि सापडलो.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा मी मुंबईहून शिकून आलो आणि बुलढाण्यात आर्किटेक्ट म्हणून पाटी लावली. ती पाटी वाचणारे कमी आणि समजणारे त्याहून कमी. लोक मला 'नकाशावाले साहेब' म्हणत. कित्येकांना मी तलाठ्याचा माणूस वाटायचो आणि ते बांधाचं भांडण घेऊन यायचे. एक कापसाचे व्यापारी आले. म्हणाले, "मुंबईले पाह्यली तशी ग्यालरी काढा आमच्या घराले." मी विचारलं, समोर तर तुमचाच गोठा आहे, गॅलरीत उभं राहून बघणार काय? ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "मी कायले पाहू? लोकायनं पाहावं ना, का शेठच्या घराले ग्यालरी हाय!" काढून दिली. अजून आहे ती. तिच्यात मिरच्या वाळत घालतात.

पण जवळजवळ सगळ्यांना एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे स्लॅब. सिमेंटला परमिट लागायचं, सळई मिळता मिळत नव्हती, तरी स्लॅबच हवा. आमच्या लोकांच्या तोंडी त्याचा 'सिलाप' झाला होता. सिलाप घालायचा म्हणजे आधी जुनं धाबं उतरवायचं, आणि माझी सगळी कहाणी त्या धाब्यातच आहे. म्हणून आधी धाबं समजून घ्या.

धाबं म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं मातीचं सपाट छप्पर. भिंतींवर सागाच्या सरा, म्हणजे जाड तुळया, टाकायच्या, सरांवर आडव्या बारीक कड्या, कड्यांवर तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळक्या काड्या, त्यावर पळसाची पानं, चिखलाचा थर आणि सगळ्यात वर हातभर पांढरी माती. काळी माती इथं कामाची नाही. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हात तडकते. पांढरीचं तसं नाही. ती नीट दाबून बसवली की पाणी अंगावरून सोडून देते. उन्हाळ्यात अशा धाब्याखाली इतकं गार वाटतं की माणूस जेवता जेवता पेंगतो.

ही पांढरी यायची गावाबाहेरच्या गढीतून. गढी म्हणजे मातीचं जुनं टेकाड. दर उन्हाळ्यात बाया टोपल्या घेऊन गढीवर जायच्या, माती खणायच्या आणि घरोघरच्या धाब्यांवर नवा थर द्यायच्या. किती पिढ्या हे चाललं होतं कोण जाणे.

मला जुन्या नाण्यांचा आणि जुन्या बांधकामांचा नाद होता. गढ्यांमध्ये जुन्या वस्त्या गाडलेल्या असतात, एवढं वाचून ठाऊक होतं. म्हणून त्या गावच्या गढीवर मी उन्हातान्हात पुष्कळ भटकलो. हाती काय लागलं? बाभळीचे काटे. गढीची गढी राहिलीच नव्हती. खणून खणून तिचा खड्डा झाला होता आणि खड्ड्यात म्हशी बसत होत्या. मी हात टेकले. इथला इतिहास म्हशींनी खाल्ला, असं घरी येऊन बायकोला सांगितलं.

त्याच गावातले वानखडे मास्तर एक दिवस माझ्याकडे आले. शाळामास्तर, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, बोलणं मोजकं. त्यांच्या कुटुंबानं काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म स्वीकारला होता. त्यांची वस्ती गावाच्या कडेला. मास्तर म्हणाले, "साहेब, गावातला पहिला स्लॅब माझ्या घरावर पडला पाहिजे." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

मास्तरांची आई गिरजामाय मात्र या बेतावर नाराज होती. "काऊन रे बाबू, धाब्यानं तुहं काय घोडं मारलं?" ती म्हणायची. "सिलापाखाली माणूस भाकरीवानी भाजून निंघते म्हणे." पाटलांनाही ही बातमी कळली. ते मला रस्त्यात भेटले आणि हसत म्हणाले, "मास्तरच्या घराले सिलाप? होऊ द्या, होऊ द्या. आम्ही आपले धाब्याखालीच बरे." पण ते हसणं काही खरं नव्हतं.

धाबं उतरवायच्या दिवशी सकाळीच मी वर चढलो. सागाच्या सरा पुन्हा वापरता येतील का, तेवढंच बघायचं होतं. गडी फावड्यानं पांढरी खाली अंगणात लोटत होते. एक ढेकूळ माझ्या बुटापाशी फुटलं आणि त्यातून लाल काहीतरी चमकलं. उचललं तर अकीकाचा मणी! आरपार भोक पाडलेला, गुळगुळीत, डाळिंबाच्या दाण्याएवढा. मी तिथंच गुडघ्यावर बसलो आणि हातानं माती उकरू लागलो. खापरं निघाली, शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला आणि मग शिशाचं एक नाणं. धोतरानं, म्हणजे गड्याच्या धोतरानं, पुसलं. एका बाजूला हत्ती! सोंड वर केलेला, ऐटीत उभा! सातवाहनांचं असं नाणं मी तोवर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, पांढरी पांढरी का असते? माणसं जिथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, चुली पेटवतात, भिंती बांधतात, त्या पडतात, पुन्हा बांधतात, तिथली राख, हाडं, चुना सगळं मिसळून माती पांढरी होते. गढी म्हशींनी खाल्ली नव्हती. गढी इथं होती! मी मान वर करून पाहिलं. चहूकडे धाबीच धाबी. पाटलांचं, शिंप्याचं, माळ्यांची, तेल्याचं. दोन हजार वर्षांचं जुनं गाव टोपली टोपलीनं चढून नव्या गावाच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं आणि मी वेड्यासारखा त्याला खड्ड्यात शोधत होतो!

मी नाचलो. हो, नाचलो. बूट, हॅट, हातात टेप, आणि मास्तरांच्या उघड्या सरांवर थयथयाट. खालून गिरजामाय ओरडली, "व माय! बाबू, पाह्य ना रे, साहेबाले इच्चू चावला का काय!"

गावात वरून खालचं दिसतं तसं खालून वरचंही दिसतं. दुपारपर्यंत गावभर झालं की नकाशावाल्या साहेबाला मास्तरच्या धाब्यात सोन्याचा हंडा सापडला. आमच्याकडे गुप्तधनावर लोकांचा जेवढा विश्वास तेवढा सख्ख्या भावावर नाही. मी मात्र नाणं आणि मणी रुमालात बांधून खुशीत बुलढाण्याला गेलो. मेहकरकडे, हिवरा आश्रमाच्या वाटेवर माझं एक काम चालू होतं, तिकडं आठवडाभर अडकलो.

परत आलो आणि वेशीवरच थबकलो. अख्खं गाव धाब्यावर चढलं होतं! म्हातारे, बाया, जावई, सगळे. कुणाच्या हाती फावडं, कुणाच्या हाती पिठाची चाळण. माती भसाभस खाली येत होती. कुणाच्या घराचं निम्मं छप्पर उघडं, कुणाच्या घराच्या नुसत्या सरा उरलेल्या. गल्ल्यांतून खापरांचा खच पडलेला. माझ्या पायाखाली सातवाहनांची मडकी करकर वाजत होती. आनंदानं ओरडू की डोकं धरून बसू, कळेना.

सोनं अर्थात कुणालाच मिळालं नव्हतं. मृग तोंडावर आला होता. दुपारनंतर अजिंठ्याच्या डोंगराकडून रोज ढग यायला लागले होते आणि गावातल्या निम्म्या घरांना छप्पर नव्हतं. दुसरी पांढरी आणायची तर गढीत म्हशींशिवाय काही नव्हतं. मला चावडीपुढं उभं केलं गेलं ते तेव्हा, आणि पाटलांनी तो प्रश्न विचारला.

मी म्हणालो, "पाटील, खुशीनं नाचलो."

"तुमची खुशी झाली, आमची घरं उघडी पडली. सोनं कोठी हाय?"

मी खिशातून नाणं काढून पाटलांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते दातानं चावून पाहिलं. "हे तं शिसं हाय," ते म्हणाले.

"दोन हजार वर्षांचं शिसं आहे!"

"मंग आता काय त्याच्यात दूध येईन काय?"

लोक हसले नाहीत. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. मागं एक बाई तान्हं लेकरू घेऊन उभी होती आणि सारखी आभाळाकडे बघत होती. तिच्या घरावर एक टोपलंही माती राहिली नव्हती. पण खरं सांगतो, त्याच क्षणी मला ते सुचलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसा माझा स्वभाव. सुचलं की बोललो.

"धाबी का गळतात? मातीत खापरं, हाडं, गोटे असतात, त्यांच्या कडेनं पाणी आत शिरतं. चाळलेली पांढरी बसवली तर थेंब येणार नाही. माझ्याकडं रेती चाळायच्या मोठ्या जाळ्या आहेत. सगळी माती परत आणा. मी उभा राहून चाळून देतो, प्रत्येक धाबं मी स्वतः पाणसळ लावून बसवून देतो. आणि चाळणीत जे वर राहील ते मला द्या."

"म्हणजे सोनं निंघालं तं तुमचं?" शिंपी म्हणाला.

"सोनं तुमचं. खापरं माझी."

हा सौदा गावाला एकदम पटला. असा खुळा साहेब पुन्हा मिळायचा नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग जे दिवस गेले तसे पुन्हा आयुष्यात आले नाहीत. बुलढाण्यातली सगळी कामं मी सोडून दिली. मास्तरांच्या अंगणात जाळ्या उभ्या केल्या. एका घरची माती दुसऱ्या घरच्या मातीत मिसळू द्यायची नाही, हा नियम मी पहिल्याच दिवशी घातला आणि त्यासाठी एक युक्ती काढली. प्रत्येक घरानं आपल्या घरचं फडकं आणायचं आणि चाळणीवर राहिलेलं त्यात बांधायचं. कुणाचं लुगड्याचं, कुणाचं धोतराचं, शिंप्याकडचं तर रंगीबेरंगी चिंध्यांचं. फडकं बघितलं की घर कळायचं. बाया माती टाकत होत्या, मी ओरडत होतो, "हळू! हळू! मणी आहे तो!" आणि बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मास्तर शाळा सुटली की इस्त्रीचा सदरा काढून जाळीला हात लावायचे.

सगळी धाबी पुरी होत आली आणि एक अडलं. पाटलांचं घर गावात सगळ्यात मोठं. पाटलांकडे बैलगाड्या. सोनं निघालं नाही म्हटल्यावर त्यांनी राग राग करत धाब्यावरची सगळी पांढरी गाड्या भरून शेतात खत म्हणून पसरून टाकली होती. इतरांची माती गल्लीत तरी होती. पाटलांची कपाशीच्या रानात गेली. आणि गावात आता शिल्लक पांढरी उरली होती ती फक्त मास्तरांच्या अंगणात, कारण मास्तरांच्या घरावर एव्हाना स्लॅब पडला होता.

पाटील मास्तरांच्या वस्तीत कधी आले नव्हते. त्या दिवशीही ते रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाखाली उभे राहिले. सोबत पाटलीणबाई होत्या. पाटील मला म्हणाले, "साहेब, दुसरीकडून कोठून माती भेटन काय?" मी म्हणालो, आहे ती समोर आहे. पाटील जमिनीकडे बघत राहिले. मास्तर कमरेवर हात ठेवून उभे होते आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

गिरजामाय जाळीपासून उठली. हात झटकले. "पाटील," ती म्हणाली, "तुमच्या धाब्यावर माती टाकू टाकू माह्या डोक्यावरची चुंबळ झिजली. तुमच्या बापाच्या वक्तीही मीच टाकली. तवा ते चालली, मंग आता माह्या अंगणातली काऊन नाही चालत? पाणी येऊन राह्यलं. न्या."

पाटील हलले नाहीत. पण पाटलीणबाई पुढं आल्या, पदर खोचला, अंगणात शिरल्या आणि एक रिकामं टोपलं उचलून म्हणाल्या, "माय, मी भरू लागते." त्यांच्यामागून पाटलांचे गडी आले. पाटील लिंबाखालीच उभे होते. माती मात्र चढली.

पाऊस आला तेव्हा गावात एकही धाबं गळलं नाही. शिंप्याचं थोडं गळलं, पण ते दर साली गळतं.

आता गाठोडी ठेवायची कुठं? बुलढाण्याला माझी एक खोली, तीही नकाशांनी भरलेली. नागपूरच्या म्युझियमला आमच्याकडे अजबबंगला म्हणतात. मास्तर म्हणाले, "साहेब, आपल्याच गावात अजबबंगला काढू. माझी स्लॅबची खोली घ्या." मी चकित झालो. एवढ्या हौसेनं घातलेला गावातला पहिला स्लॅब! पण गिरजामायनं निकाल दिला. "ठेवा तठी खापरं. मले सिलापाखाली झोप नाही येत. खापरायले कायचा उन्हाळा?" आणि तिनं आपलं अंथरूण मागच्या, न उतरवलेल्या धाब्याच्या पडवीत नेलं.

शहरातून एक मोठे जाणकार आले. त्यांनी गाठोडी पाहिली, प्रेमानं पाहिली, आणि मान हलवली. "थर विस्कटले हो. कोणती वस्तू कोणत्या थरातली, हे आता कधीच कळणार नाही. शास्त्राच्या दृष्टीनं यातून फार काही सिद्ध करता येणार नाही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला ते अजून सलतं. त्याहून जास्त सलतं ते हे की वडनेर भोलजीपासून मेहकरपर्यंत मी आणि माझ्यासारख्यांनी जी घरं पाडली, त्यांची पांढरी कुठल्या रानात गेली, हे कुणालाच ठाऊक नाही. पण तेव्हा मी खचलो नाही. थर विस्कटले तर विस्कटले, फडकी होती ना माझ्याकडं!

आता गंमत ऐका. कमानीचा छोटा तुकडा हातात आला तर त्यावरून पूर्ण कमान किती मोठी होती ते काढायचं, हे आम्हा नकाशावाल्यांचं रोजचं काम. खापर म्हणजे तरी काय, गोलाचा तुकडाच. मी कंपास घेऊन बसलो. एकसारख्या वाकाची, एकसारख्या जाडीची खापरं वेगळी काढली. जाड, लाल, त्यावर दोरीसारखी नक्षी. गिरजामायच्या लुगड्याच्या गाठोड्यातलं एक शिंप्याच्या चिंध्यांतल्या एकाला लावून पाहिलं. खटकन बसलं! मग माळ्यांचं, मग तेल्याचं. एका वर्षी एकीनं इथं खणलं, दुसऱ्या वर्षी दुसरीनं, आणि एकच रांजण गावभर वाटला गेला. मी आणि मास्तर सुट्टीच्या दिवशी तो जोडत बसायचो. पाटलांची माती गाड्यांत भरताना गड्यांनी गल्लीत थोडी सांडली होती, ती चाळून उरलेलं पाटलांच्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं होतं. शेवटी त्यात काठ निघाला. जवळजवळ पूर्ण काठ! कंबरेएवढा रांजण उभा राहिला. प्रत्येक तुकड्यावर मी घराच्या नावाची चिठ्ठी लावली.

अजबबंगला उघडला त्या दिवशी सगळं गाव वस्तीत आलं. लोकांनी मण्यांकडे, नाण्याकडे पाहिलंही नाही. सगळे रांजणाभोवती. "हे आमचं!" "पोटाचा मोठा तुकडा आमचा हाय बे!" शिंप्याची आणि तेल्याची जुंपलीच. तेवढ्यात दारातली गर्दी बाजूला सरकली. सोनाजी पाटील दारात उभे होते. त्यांनी चपला काढल्या आणि आत आले. पहिल्यांदा.

ते रांजणाभोवती फिरले. काठावरची चिठ्ठी वाचली. काठावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, काठ आमचा हाय. आमच्या धाब्यावरचा. हा काढून द्या. आमच्या बैठकीत ठेवतो."

शिंपी लगेच म्हणाला, "मंग माहा बी तुकडा द्या." तेली म्हणाला, "माहा बी." एकानं काढला की सगळे काढणार. म्युझियम उघडल्या दिवशीच बंद! मी सांगायला गेलो की पाटील, जोडलेलं आता निघत नाही, निघालं तर फुटेल. पण त्या गलक्यात माझं कोण ऐकतं! मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तोच लिंबाखालचा दिवस होता.

गिरजामाय कोपऱ्यात बसली होती. ती उठलीही नाही.

"न्या ना पाटील, न्या," ती म्हणाली. "काठ गेला तं पाणी थोडं कमी माईन. बूड आमचं हाय. रांजण काही पडत नाही."

आधी पाटलीणबाई हसल्या. मग शिंपी. मग सगळी खोली. पाटलांनी खाली वाकून बुडावरची वानखड्यांच्या नावाची चिठ्ठी वाचली. सरळ झाले तेव्हा त्यांच्या मिशीखाली हसू होतं, आणि या वेळी ते खरं होतं.

"राहू द्या मंग, साहेब," ते म्हणाले. "आख्खाच बरा दिसते."